गाडीच्या सीटची शेगडी बंद पडली आहे : घरी दुरुस्त होईल का?

बर्फाळ_सातारकर | ९ डिसेंबर, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. मदत हवी आहे आणि जरा घाईत हवी आहे.

मुक्काम मिनेसोटा. गाडी २००७ ची युरोपियन वॅगन, दीड लाख मैलांना टेकलेली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर पहिले वीस प्रतिसाद "ही गाडी घेतलीच कशाला" यावर खर्ची पडतील. ड्रायव्हरशेजारच्या सीटचा हीटर गेले तीन आठवडे बंद आहे. बटण दाबलं की त्यातला दिवा तीन-चार सेकंद लागतो आणि विझतो. माझ्या बाजूची सीट व्यवस्थित तापते.

एरवी मी दुर्लक्ष केलं असतं. पण २० तारखेला आई येते आहे आणि जानेवारीत बायकोची तारीख आहे. आई मागच्या वेळी आली होती तेव्हा तिला ही सीट दाखवली होती. तेव्हापासून तिच्या लेखी ती सीट नाही, शेगडी आहे. सुनेला दवाखान्यातून शेकत शेकत घरी आणणार असं तिने साताऱ्यात अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलंय. आता कोणत्या तोंडाने सांगू की शेगडी विझली?

डीलरने ९४० डॉलर सांगितले. बैठकीचा फोम, हीटर आणि आतला सेन्सर असा एकत्रच भाग मिळतो म्हणे. गाडीचे आता कोणी अडीच हजार दिले तरी मी पेढे वाटीन.

मी सॉफ्टवेअरवाला. घरात मल्टीमीटर आहे, सोल्डरिंग गन आहे, हौस आहे. अनुभव शून्य. सुरुवात कुठून करू?

सदाशिव_पेठी | १० डिसेंबर, सकाळी १०:०५

आमच्याकडे गाडी दुपारी दोन तास उन्हात उभी करा, सीट आपोआप तापते. बटणसुद्धा लागत नाही. खर्च शून्य.

तांब्याची_तार | १० डिसेंबर, सकाळी १०:५०

पेठेतले काका, पोराला अडचण आहे, राहू दे की ओ.

सातारकर, आमचं इचलकरंजीत मोटर रिवाइंडिंगचं दुकान. सीट कधी उघडली नाही, पण तार ती तार. गीझरची असो, इस्त्रीची असो, नाहीतर तुमच्या सीटची. दिवा लागतोय म्हणजे बटणापर्यंत करंट येतोय. दुसरी सीट तापते, म्हणजे दोन्हीला एकच फ्यूज असेल तर तोही बरा आहे. थोड्या वेळाने दिवा विझतोय म्हणजे पुढे काहीतरी ओपन आहे, म्हणजे कुठेतरी सर्किट तुटलंय, आणि कंट्रोलरला ते कळतंय. सीटखालचा प्लग काढा आणि हीटरच्या दोन पिनांवर ओहम बघा. दोन-चार ओहम दाखवले तर तार शाबूत. काहीच नाही दाखवलं तर तुटली. एवढं करा आणि आकडा लिहा. त्याआधी एक रुपयाची खरेदी करू नका.

नॉर्डिक_नाना | १० डिसेंबर, दुपारी १:३०

थांबा, थांबा. सीटखाली हात घालण्याआधी हे वाचा.

मी स्वीडनमध्ये गोथेनबर्गला असतो. नोकरीची बरीच वर्षं गाड्यांच्या वायरिंगमध्ये गेली. तुमच्या सीटखाली चार-पाच प्लग असतील. त्यातला पिवळा, किंवा पिवळ्या वायरीचा, तो एअरबॅगचा. सीटच्या पाठीत बाहेरच्या बाजूला साइड एअरबॅग असते. त्या प्लगला मल्टीमीटर लावायचा नाही. कुतूहल म्हणूनही नाही. ओहम मोजताना मीटर स्वतःचा थोडासा करंट सोडतो आणि एअरबॅगच्या स्फोटक दारूला थोडासाच पुरतो.

क्रम असा ठेवा. आधी बॅटरीची ऋण वायर काढा. मग पंधरा मिनिटं चहा प्या, कारण एअरबॅगच्या कंट्रोलरमध्ये कपॅसिटर असतात, ते रिकामे व्हायला वेळ लागतो. तुमच्याकडे हिवाळ्यात हवा कोरडी असते, स्वेटर काढला तरी ठिणग्या उडतात. म्हणून पिवळ्या प्लगला हात लावण्याआधी गाडीच्या उघड्या धातूला हात टेकवा.

सर्वात महत्त्वाचं : पिवळा प्लग सुटा असताना चावी फिरवायची नाही. फिरवलीत तर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागेल आणि प्लग परत जोडला तरी तो जाणार नाही.

तुमची ती शेजारची सीट आहे, त्यामुळे आणखी एक भानगड. अमेरिकेतल्या २००७ च्या गाडीत त्या सीटवर कोण बसलंय, मोठं माणूस की लहान मूल, हे ओळखणारा सेन्सर असतो. काही गाड्यांत तो फोमखालची जेलची पिशवी असतो, काहींत सीटच्या पायांत बसवलेला असतो. पिशवीवाला असेल तर फोम, पिशवी आणि त्याचा कंट्रोलर यांची जोडी कारखान्यात जुळवलेली असते. डीलर एकत्र भाग विकतो तो त्यामुळे, सगळीच काही लबाडी नाही. पण हीटरची गादी फोमच्या वर असते, कव्हरच्या खाली. फोम सांगाड्यावरून न उचलता काम करता आलं तर सेन्सरला धक्का लागत नाही.

अवांतर : गरम सीट ही काही कालची चैन नाही. कॅडिलॅकने १९६६ मध्ये ती पैसे मोजून मिळणारी सोय म्हणून दिली होती. आमच्या इथल्या साब कंपनीने १९७२ पासून ड्रायव्हरला ती गाडीसोबतच द्यायला सुरुवात केली. इथे कोणी तिला चैन म्हणत नाही.

बर्फाळ_सातारकर | ११ डिसेंबर, रात्री १०:१५

नाना, तारवाले, दोघांचे आभार. चहा प्यायलो, धातूला हात टेकवला, पिवळ्या प्लगकडे बघितलंसुद्धा नाही.

आकडे असे. हीटरच्या दोन जाड वायरींवर काहीही नाही, मीटर ओपन दाखवतो. त्याच प्लगमध्ये आणखी दोन बारीक वायरी आहेत, त्यांवर २२ किलो-ओहम. गॅरेजमध्ये तेव्हा ८ अंश सेल्सिअस होतं. बाहेर उणे १७.

प्लगच्या दोन पिनांवर हिरवट बुरशीसारखं काहीतरी जमलंय. हे तर कारण नसेल?

नॉर्डिक_नाना | १२ डिसेंबर, दुपारी १२:२०

हिरवं आहे ते मिठाचं काम. रस्त्यावरचं मीठ बुटांना लागून गाडीत येतं, बर्फ वितळतो, पाणी गालिच्याखाली उतरतं आणि तांबं गंजतं. इलेक्ट्रिकल क्लीनरचा फवारा मारून मऊ ब्रशने साफ करा. पण तुमचं मूळ दुखणं ते नाही. मीटरची टोकं पिनांवर घट्ट टेकवूनही ओपन येत असेल तर आतली तार तुटलेली आहे.

बारीक वायरी तापमापकाच्या आहेत. हा थर्मिस्टर गार असताना जास्त ओहम दाखवतो आणि तापला की कमी. २५ अंशाला १० किलो-ओहम हा सर्रास वापरला जाणारा प्रकार, त्याचे ८ अंशाला साधारण २२ होतात. म्हणजे तो ठणठणीत आहे. तो बैठकीच्या गादीत असतो, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता प्रश्न असा की तार बैठकीत तुटली की पाठीत. बऱ्याच जुन्या युरोपियन गाड्यांत दोन्ही गाद्या सिरीजमध्ये असतात, एक तुटली की दुसरीही गार. दोन्हींच्या मधला छोटा जोड-प्लग शोधा आणि दोन्ही वेगवेगळ्या मोजा.

पहाटपाखरू | १२ डिसेंबर, दुपारी १२:४५

वाचतेय. सीट नाही, गाडीही नाही. तरी वाचतेय.

बर्फाळ_सातारकर | १२ डिसेंबर, रात्री ९:३०

सापडला. पाठ : १.२ ओहम. बैठक : ओपन.

जुगाडचंद | १२ डिसेंबर, रात्री १०:००

मग झालंच की काम! बैठक तुटली ना? जाऊ द्या तिला. जोड-प्लगवर बैठकीच्या दोन्ही वायरी एकमेकींना जोडून टाका. सर्किट पूर्ण होईल आणि पाठ तापायला लागेल. बाळंतिणीची कंबरच शेकायची आहे ना? कव्हर उघडायला नको, काही नको. दहा मिनिटांचं काम. मी मित्राच्या गाडीत असंच काहीसं केलंय, दोन वर्षं चालू आहे.

तांब्याची_तार | १२ डिसेंबर, रात्री १०:२०

अजिबात करू नका.

सातारकर, गणित तुम्हीच करा. पाठ १.२ ओहम. बैठक शाबूत असताना तीही साधारण तेवढीच धरा, म्हणजे एकूण २.४. इंजिन चालू असताना १३.८ व्होल्ट. भागाकार केला की पावणेसहा अँपिअर. एकूण ७९ वॅट, म्हणजे प्रत्येक गादीला चाळीसेक वॅट. तशीच ती बनवलेली असते.

आता बैठक कापून टाकली. राहिले १.२ ओहम. करंट दुप्पट, साडेअकरा अँपिअर. वॅट १५९. आणि हे सगळे एकट्या पाठीत! चाळीसच्या जागी एकशे साठ, चौपट. सीटचा फ्यूज १५ किंवा २० अँपिअरचा असतो, तो उडणारसुद्धा नाही. तो निवांत बघत बसेल.

आमच्या दुकानात कॉइलचे चार वेढे जळाले म्हणून ते गाळून बाकीची कॉइल जोडून आणलेली इस्त्री अधूनमधून येते. पुढची गोष्ट इस्त्रीबरोबर आलेली साडी सांगते.

नॉर्डिक_नाना | १२ डिसेंबर, रात्री १०:४०

तारवाल्यांनी अर्धं सांगितलं. उरलेलं अर्धं त्याहून वाईट आहे.

तापमापक बैठकीत आहे, आठवतंय? बैठक गार राहणार, म्हणून तापमापक कंट्रोलरला सांगत राहणार की अजून थंडी आहे, सोड करंट. पाठ भाजून निघाली तरी कंट्रोलर थांबणार नाही. चौपट उष्णता आणि तीवर कोणाचीच नजर नाही. जुगाडचंद, तुमच्या मित्राच्या गाडीत जोडणी वेगळी असेल म्हणून तो वाचला. त्याला आजच सांगा.

जुगाडचंद | १२ डिसेंबर, रात्री ११:०५

हे तापमापकाचं डोक्यातच आलं नव्हतं. मित्राला फोन केला, उद्या प्लग काढतोय. सल्ला मागे घेतो.

डॉक्टरीणबाई | १३ डिसेंबर, सकाळी ७:१५

विषय निघालाच आहे म्हणून. ज्यांना मधुमेहामुळे पायांची, मांड्यांची संवेदना कमी झालेली असते किंवा मणक्याच्या दुखापतीमुळे कमरेखाली जाणवत नाही, त्यांना बिघडलेल्या गरम सीटमुळे खोलवर भाजल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. चटका बसतोय हे त्यांना कळतच नाही. सातारकर, आईंना साखर असेल तर दुरुस्तीनंतरसुद्धा बटण खालच्या पायरीवर ठेवा आणि सीट तापली की बंद करा.

आणि रोज तास-दोन तास तापलेल्या सीटवर बसणाऱ्यांच्या मांड्यांच्या मागे कधीकधी तपकिरी, जाळीदार डाग उठतात. एरिथिमा अब इग्ने म्हणतात. काश्मिरात फेरनच्या आत कांगडी धरून बसणाऱ्यांना होतात, तोच प्रकार. पेशंटला वाटतं काहीतरी भयंकर झालंय आणि कारण निघतं सीट. शेक चांगला, पण आपल्या आज्यासुद्धा शेगडी तासभरच ठेवायच्या.

शिवणयंत्र | १३ डिसेंबर, सकाळी ९:३०

सगळ्यांनी विजेचंच बोलून घेतलं. कव्हर कोण काढणार?

मी न्यू जर्सीत सोफ्यांची आणि सीटांची कव्हरं शिवते. सातारकर, तुमच्यासारखे हौशी लोक तार नीट जोडतात आणि कव्हर फाडून माझ्याकडे आणतात. म्हणून हे आधी वाचा.

एक, थंड गॅरेजमध्ये काम करू नका. थंडीत प्लगचे प्लास्टिकचे दात तुटतात आणि लेदर कडक होतं. सीटचे चार बोल्ट काढून सीट घरात आणा आणि रात्रभर ऊब मिळू द्या.

बैठकीचं कव्हर कडेने प्लास्टिकच्या पट्ट्यांनी सांगाड्यात अडकवलेलं असतं, त्या दाबून बाहेर ओढायच्या. मधल्या खाचांत मात्र ते फोममधल्या तारेला बारीक लोखंडी कड्यांनी बांधलेलं असतं. हॉग रिंग म्हणतात. त्या उघडत बसू नका, कटरने तोडा आणि नव्या लावा. नव्या लावायला वाकड्या तोंडाची पक्कड मिळते, ती घ्या. काही जण कड्यांऐवजी प्लास्टिकचे झिपटाय लावतात. तुमच्या थंडीत ते तडकतात, मी लावत नाही.

कव्हर उलटं सोलत न्यायचं, मोजा काढतो तसं. खाली हीटरची गादी दिसेल. पातळ फेल्ट आणि त्यावर नागमोडी तार शिवलेली. गोधडीच्या धावदोऱ्यासारखी दिसते अगदी. काही ठिकाणी ती फोमला चिकटवलेली असते, तिथे ओढू नका.

आणि एक सांगा, त्या सीटवर कोणी गुडघा टेकला होता का? माझ्याकडे आलेल्या तुटक्या हीटरांपैकी बरेचसे गुडघ्याचे बळी असतात. बसताना आपलं वजन पसरतं. गुडघा एकाच जागी रुततो आणि तार तिथे मुडपते.

बर्फाळ_सातारकर | १३ डिसेंबर, सकाळी ९:५०

...

नोव्हेंबरमध्ये मागच्या सीटवर बाळाच्या कार सीटचा बेस बसवला. पट्टा काही केल्या घट्ट होईना म्हणून पुढच्या सीटवर गुडघा टेकून, उलटा होऊन, जीव खाऊन ओढला होता. दोनदा.

हीटर त्याच आठवड्यात गेला. बायकोला सांगितलेलं नाही.

पहाटपाखरू | १३ डिसेंबर, सकाळी १०:०२

बाळ यायच्या आधीच बाळाने खर्च काढला म्हणायचा.

सदाशिव_पेठी | १३ डिसेंबर, सकाळी १०:३०

बाळाने नव्हे, बापाने. नोंद असावी.

बर्फाळ_सातारकर | १५ डिसेंबर, रात्री ११:५५

अपडेट. आधी वाईट बातमी.

सीट विजेवर सरकणारी आहे. पुढचे बोल्ट काढायला सीट मागे न्यावी लागते आणि मागचे काढायला पुढे. मी सीट मागे घेतली, पुढचे दोन काढले, बॅटरी सोडवली, पंधरा मिनिटं थांबलो, सगळे प्लग काढले. मग लक्षात आलं की मागचे दोन बोल्ट अजून तसेच आहेत आणि सीट पुढे न्यायला वीज नाही. रात्रीचे साडेअकरा, गॅरेज गार, डोकं त्याहून गार. सीट हलवण्याचा प्लग जोडला, बॅटरी जोडली, चावी फिरवली.

पिवळा प्लग सुटाच होता.

नाना, तुम्ही लिहिलं होतं. मी वाचलंही होतं. एअरबॅगचा लाल दिवा आता माझ्याकडे बघतोय.

नॉर्डिक_नाना | १६ डिसेंबर, दुपारी १:१०

घाबरू नका, काही फुटलेलं नाही. कंट्रोलरने एवढंच लिहून ठेवलंय की अमुक एअरबॅग सापडली नाही. सगळं नीट जोडल्यावर एअरबॅगचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरने ते पुसा. स्वस्तातले स्कॅनर फक्त इंजिनाचे कोड वाचतात, तेवढं बघून घ्या. मंडळातल्या कोणाकडे तरी असेल. पण दिवा लागलेला असताना गाडी फिरवू नका. अपघात झालाच तर एअरबॅग उघडेल याची खात्री देता येत नाही.

पुढे हा धागा वाचणाऱ्यांसाठी : विजेवरची सीट असेल तर आधी सीट पुढे घेऊन मागचे बोल्ट काढा, मग मागे घेऊन पुढचे काढा, मग सीट मध्यावर आणा आणि त्यानंतरच बॅटरीला हात लावा.

बर्फाळ_सातारकर | १८ डिसेंबर, पहाटे १:३०

सीट दिवाणखान्यात आहे. कव्हर निघालं. शिवणयंत्र ताई, मोजा काढतो तसं, हे वाक्य मंत्रासारखं म्हणत काढलं. एक टाका उसवलाय, तो खालच्या बाजूला आहे. फोम उचलला नाही.

तारेवर रंगासारखा लेप आहे, त्यामुळे मीटरचं टोक नुसतं टेकवून काही कळेना. शेवटी आईची गोधडी शिवायची सुई होती, ती मीटरच्या टोकाला गुंडाळली आणि लेपातून टोचली. तार अंदाजे सहा मीटर. एका टोकापासून टोचत गेलो असतो तर सकाळ झाली असती. मग डोक्यात आलं की हा तर बायनरी सर्च आहे! बरोबर मध्यावर टोचलं, डावीकडून आकडा आला, उजवीकडून नाही. म्हणजे तूट उजव्या अर्ध्यात. त्याच्या मध्यावर टोचलं. असं करत सातव्या टोचणीला पाच सेंटिमीटरच्या आत आलो आणि फेल्ट बाजूला केल्यावर दिसली. तार तुटलेली, दोन्ही टोकं काळी, फेल्टवर वाटाण्याएवढा करपलेला डाग. सीटच्या बरोब्बर मध्ये. गुडघ्याची जागा.

पंधरा वर्षं नोकरीत वापरलेली युक्ती घरी पहिल्यांदा उपयोगी पडली.

आता सोल्डर करू का?

तांब्याची_तार | १८ डिसेंबर, सकाळी ९:००

शाब्बास! सात टोचण्यांत म्हणजे आमच्या कारागिरापेक्षा भारी.

सोल्डर नको. दोन कारणं. तार नायक्रोम किंवा तसल्या मिश्रधातूची असेल तर कथील तिला धरत नाही, वरवर बसतं आणि सुटतं. तांब्याच्या जातीची असेल तर धरेल, पण सोल्डर केलेली जागा कडक होते. माणूस बसला-उठला की त्या कडक जागेच्या कडेला तार परत तुटते.

क्रिम्प करा. बारीक तांब्याची नळी मिळते, दोन टोकं आत घालून पकडीने दाबायची. टोकं जळालीत म्हणून एकेक सेंटिमीटर कापा, चकचकीत होईपर्यंत घासा. आता तार आखूड पडेल, ताणू नका. तीन-चार सेंटिमीटरचा मऊ, बहुतारी, सिलिकॉनच्या वेष्टणाचा तुकडा मध्ये घाला, दोन बाजूंना दोन क्रिम्प. हीटरची तार गेली दोन सेंटिमीटर, सहाशेतली दोन. त्याने ओहममध्ये फरक पडत नाही. मागे जे बोललो ते अख्खी गादी गाळण्याबद्दल, हे चालतं.

क्रिम्प ओढून बघा. हाताने सुटला तर सीटखाली नक्की सुटणार, आणि ढिला जोड तापतो. काळा डाग पडला तो तसाच. तुटता तुटता दोन टोकं एकमेकांना घासत होती.

शिवणयंत्र | १८ डिसेंबर, सकाळी ९:४०

जोडावर वायरिंगची कापडी चिकटपट्टी लावा, प्लास्टिकची नको, ती उष्णतेने पाघळते. करपलेलं फेल्ट कात्रीने काढून तिथे नव्या फेल्टचं ठिगळ द्या. ठिगळ तारेच्या वर नाही, खाली. नाहीतर बसल्यावर खडा टोचल्यासारखं लागेल. आणि सुया मोजून परत ठेवा हो.

नॉर्डिक_नाना | १८ डिसेंबर, दुपारी २:००

बंद करण्याआधी बाहेरच तपासा. बारा व्होल्टची बॅटरी, मध्ये सीटच्या फ्यूजएवढाच फ्यूज, आणि दोन्ही गाद्या सिरीजमध्ये. करंट पाचच्या आसपास यायला हवा. मीटर तेवढा करंट मोजत असेल तरच मीटरमधून जोडा. ही चाचणी करताना तापमापक कामात नसतो, म्हणून दोन-तीन मिनिटंच, आणि बाजूला उभं राहून. जोडावर हात ठेवा. जोड बाकीच्या तारेपेक्षा जास्त तापत असेल तर क्रिम्प परत.

तांब्याची_तार | १८ डिसेंबर, दुपारी २:१५

त्याच्याही आधी आमची गावठी तपासणी. बारा व्होल्टचा २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब हीटरबरोबर सिरीजमध्ये लावा. बल्ब पेटला म्हणजे तार जोडली गेली. कुठे शॉर्ट असला तरी बल्ब पावणेदोन अँपिअरच्या वर जाऊ देत नाही, काही जळत नाही. दुकानात सिरीज बोर्डाशिवाय आम्ही कशालाच हात लावत नाही.

बर्फाळ_सातारकर | १९ डिसेंबर, रात्री ११:२०

बल्ब पेटला!!

मग बॅटरीवर : बैठक १.३ ओहम, एकूण २.५, करंट ४.९ अँपिअर. दोन मिनिटांत हाताला ऊब. जोड आणि तार दोन्ही सारखेच कोमट.

कव्हर चढवताना घाम निघाला. सीट घरातल्या हीटरच्या व्हेंटजवळ तासभर ठेवली तेव्हा लेदर सैल झालं. सतरा हॉग रिंग, तीन वाकड्या, एक अजून सापडलेली नाही. दिवाणखान्यात अनवाणी फिरायला बंदी आहे.

गाडीत बसवली, सगळे प्लग लावले, पिवळा पहिल्यांदा, मग बॅटरी. गाडी चालू केली. आधी फक्त चावी फिरवून बटण दाबलं तर काहीच नाही, माझं काळीजच थांबलं. मग इंजिन सुरू केलं आणि दिवा लागला. आमच्या गाडीत इंजिन चालू असल्याशिवाय हीटर लागतच नाही, हे सतरा वर्षांच्या मॅन्युअलमध्ये होतं. दिवा विझला नाही. चार मिनिटांत सीट गरम. मित्राचं इन्फ्रारेड थर्मामीटर आणलं होतं, कव्हरवर ३९ ते ४१ अंशांत फिरत राहिलं आणि वर गेलं नाही.

एअरबॅगचा कोड त्याच मित्राच्या स्कॅनरने पुसला, परत आला नाही. बायको बसली की शेजारच्या एअरबॅगचा 'बंद' दिवा विझतो, उठली की लागतो, म्हणजे तो सेन्सरही शहाणा आहे.

खर्च : क्रिम्पच्या नळ्या, पट्टी, हॉग रिंग आणि पक्कड मिळून ३१ डॉलर. गुडघ्याबद्दल बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मला त्याच दिवशी माहीत होतं, मी मागे उभी होते."

पहाटपाखरू | १९ डिसेंबर, रात्री ११:३५

टाळ्या! आता सीट तरी घ्यावी म्हणते.

जुगाडचंद | २० डिसेंबर, सकाळी ८:१०

मित्राच्या गाडीची जोडणी बघितली. वेगळी होती, म्हणून काही झालं नाही. तरी त्याने ती वायर काढली आणि बाजारातली कार्बन फायबरची तयार गादी आणली. तिच्यात धागे पॅरललमध्ये असतात, एखादा तुटला तरी बाकीचे चालू राहतात. कडेच्या तांब्याच्या पट्ट्या सोडून ती कापूनही बसवता येते म्हणे. ड्रायव्हरच्या सीटला बरी वाटते.

नॉर्डिक_नाना | २० डिसेंबर, दुपारी १२:००

ड्रायव्हरच्या सीटला ठीक. शेजारच्या सीटला, तो सेन्सर असेल तर, मी घालणार नाही.

बर्फाळ_सातारकर | २२ डिसेंबर, रात्री ९:००

विमानतळावरून येताना आई त्याच सीटवर बसली. बाहेर उणे २२. मी बटण खालच्या पायरीवर ठेवलं, डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे, आईला साखर आहे. पाच मिनिटांनी म्हणाली, "मागच्या वेळी जास्त तापत होती रे." वरच्या पायरीवर नेली नाही. घरी आल्यावर तिला दिवाणखान्यात हॉग रिंग सापडली. पायाने.

डॉक्टरीणबाई | २२ डिसेंबर, रात्री ९:२०

धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय त्यांनी? विचारून ठेवा.

थंडीचा_पाहुणा | २८ डिसेंबर, सायंकाळी ६:४५

धागा उशिरा वाचला. टोरंटो, माझ्याही सीटचं असंच झालंय, पण माझी पाठ ओपन आहे आणि बैठक चांगली. तूट पाठीच्या आणि बैठकीच्या मधल्या घडीत असू शकते का? आणि त्या क्रिम्पच्या नळीचा आकार काय घेतला होता?

तांब्याची_तार | २८ डिसेंबर, सायंकाळी ७:१०

असू शकते, पाठ मागे-पुढे करताना तीच जागा वाकते. पाठ मागे-पुढे हलवत मीटर बघत राहा, आकडा मध्येच येऊन गेला तर तिथेच आहे.

नळी तारेच्या जाडीवर. आधी तार बघा, मग नळी. फोटो टाका.